गेम खेळताना आपोआप रीस्टार्ट होणारा पीसी: तपासणीच्या नोंदी

यंत्र: रायझन 5 5600एक्स, बी550 मदरबोर्ड, डीडीआर4-3200 रॅमच्या 8 जीबीच्या दोन पट्ट्या, आरटीएक्स 3080 ग्राफिक्स कार्ड (10 जीबी, वीज घेणाऱ्या दोन 8-पिन जोडण्या), 1 टीबी एनव्हीएमई एसएसडी, 650 वॅटचा ब्रॉन्झ दर्जाचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा, 2017 सालचा), 600 व्हीएचा यूपीएस, विंडोज 11.

तक्रार: जड गेम सुरू केला की पाच मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत कधीही स्क्रीन काळी पडते, पंखे क्षणभर मंदावतात आणि पीसी स्वतःहून पुन्हा चालू होतो. निळी स्क्रीन नाही, कुठलाही संदेश नाही. ब्राउझर, ऑफिसची कामं, व्हिडिओ तासन्‌तास चालतात. आधी याच एसएमपीएसवर जीटीएक्स 1060 होतं, तेव्हा तक्रार नव्हती. ही शेवटची माहिती सगळ्यात मोलाची. 1060 हे 120 वॅटचं कार्ड, 3080 हे 320 वॅटचं.

शनिवार, 4 मे 2024

पहिलं काम: विंडोजला स्वतःहून रीस्टार्ट करू न देणं. 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज'मध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'खाली 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची टिक काढली. आता दोष ड्रायव्हरचा किंवा विंडोजचा असेल तर निळी स्क्रीन समोर थांबून राहील आणि तिच्यावरचा कोड वाचता येईल. टिक काढूनही पीसी तसाच उडाला, तर विंडोजला काही कळायच्या आतच वीज किंवा हार्डवेअर गेलं असं समजायचं.

टिक काढून गेम लावला. काही वेळाने तसाच रीस्टार्ट झाला, निळी स्क्रीन आलीच नाही.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'विंडोज लॉग्ज' आणि त्यात 'सिस्टिम' उघडलं. अपेक्षेप्रमाणे 'कर्नल-पॉवर 41'च्या नोंदी रांगेने सापडल्या. या 41 नंबरवरून बरेच जण घाईने एसएमपीएसवर बोट ठेवतात. ती नोंद एवढंच सांगते की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. बटण दाबून धरलं तरी 41 येतो, लाइट गेली तरी येतो. खरी माहिती आत असते. नोंद उघडून 'डिटेल्स'मध्ये 'बगचेक कोड' बघायचा. तिथे शून्य सोडून दुसरा आकडा असेल तर विंडोज कोसळलं होतं, आणि पुढचा शोध 'मिनीडंप' (विंडोज कोसळतानाच्या नोंदींच्या) फोल्डरमध्ये घ्यायचा. इथे शून्य होता. 'पॉवर बटण टाइमस्टॅम्प'ही शून्य, म्हणजे बटण कोणी दाबून धरलेलं नव्हतं. मिनीडंप फोल्डर रिकामा.

यानंतर 'व्हिया-लॉगर' या स्रोताच्या नोंदी गाळून घेतल्या. प्रोसेसर, रॅमचा कंट्रोलर किंवा पीसीआय-ई जोडणीने (जिथे ग्राफिक्स कार्ड बसतं) चूक पकडली की ती इथे लिहिली जाते. गेममधल्या रीस्टार्टच्या वेळांशी जुळणारी एकही नोंद नाही. एप्रिल महिन्यातली एक नोंद मात्र आहे: 'व्हिया-लॉगर 18, कॅशे हायरार्की एरर' (प्रोसेसरच्या आतल्या मेमरीतली चूक), तीही गेम चालू नसताना. ती वेगळी टिपून ठेवली आहे.

कॅबिनेटच्या रीसेट बटणाची वायर मदरबोर्डवरून काढून टाकली. आत रुतून बसलेलं बटण किंवा सोललेली वायर हुबेहूब असाच त्रास देते आणि ती काढायला पैसा लागत नाही. फरक पडला नाही.

रविवार, 5 मे

दोष हवा तेव्हा घडवून आणता आला पाहिजे. 'आता अर्धा तास चालला, म्हणजे बरा झाला' या निकषावर काहीच ठरवता येत नाही. म्हणून सगळे प्रयोग सारख्याच दोन भारांवर: सायबरपंक 2077 या गेममधला बेंचमार्क (ठरलेल्या दृश्यांची चाचणी) लागोपाठ, फ्रेमरेटवर मर्यादा न घालता, आणि ओसीसीटी या ताण-चाचणीच्या सॉफ्टवेअरमधली '3डी ॲडॅप्टिव्ह' चाचणी 'स्विच' प्रकारात. स्विच प्रकारात कार्डावरचा भार एकदम चढतो आणि एकदम उतरतो.

तापमान, वीज वगैरे दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फो64 मध्ये सेन्सरची वाचनं फाइलमध्ये लिहायला लावली. मूळ अंतर 2,000 मिलिसेकंद असतं, ते 500 केलं. रीस्टार्टनंतर फाइलच्या शेवटच्या ओळी वाचायच्या.

आधी फरमार्क (ग्राफिक्स कार्डावर सलग भार टाकणारी चाचणी), अर्धा तास. कार्ड 320 वॅटवर सपाट चाललं, काही झालं नाही. मग प्राइम95 स्मॉल एफएफटी, एकट्या प्रोसेसरवर. तेही पार. ओसीसीटीचा स्विच प्रकार लावला आणि दुसऱ्याच मिनिटाला पीसी उडाला. पुन्हा लावला, पुन्हा उडाला.

फरमार्क पास झाला की एसएमपीएस चांगला, हा समज इथे मोडतो. फरमार्कमध्ये कार्ड आपल्या वीजमर्यादेला टेकतं आणि तिथेच स्थिर राहतं. गेममध्ये तसं होत नाही. दृश्य बदलतं, लोडिंग संपतं, मेनूतून थेट गर्दीच्या चौकात उडी पडते, आणि कार्ड क्षणात 100 वरून 300 च्या पुढे जातं. त्या क्षणी मर्यादा सांभाळणारं सर्किट हालचाल करेपर्यंत 3080 काही मिलिसेकंद किंवा त्याहून कमी वेळ 450 वॅटच्या वर जाऊ शकतं. एचडब्ल्यूइन्फोला ते दिसत नाही, कारण ते अर्ध्या सेकंदातून एकदा बघतं.

तापमान: प्रोसेसर कमाल 78 अंश (5600एक्सची मर्यादा 95), कार्डाचा गाभा 76, हॉटस्पॉट (गाभ्यातली सगळ्यात गरम जागा) 88, मेमरी जंक्शन 98. मेमरीचा आकडा मोठा वाटेल, पण जीडीडीआर6एक्सला (या कार्डावरच्या मेमरीला) 110 पर्यंत मुभा असते. मे महिना आहे, खोलीत 34 अंश आहे, तरी गरम होऊन बंद पडण्याचं चित्र हे नव्हे. जास्त तापलेला पीसी आधी वेग कमी करतो, फ्रेम गळतात आणि अगदी हाताबाहेर गेलं तर बंद होऊन बंदच राहतो. इथे शेवटच्या ओळीपर्यंत वेग पूर्ण होता. कॅबिनेटची झाकणं काढून समोर टेबल फॅन लावला तरी रीस्टार्ट झालाच. उष्णतेचा मुद्दा मिटला.

शनिवार, 11 मे

भिंतीपासून एसएमपीएसपर्यंतची वीज तपासली.

पीसी 600 व्हीएच्या यूपीएसवर होता. 600 व्हीए म्हणजे 600 वॅट नव्हेत. या यूपीएसच्या पाठीवर 360 वॅट छापलेलं आहे. गेममधला सरासरी हिशेब असा: कार्ड 320, प्रोसेसर 76 (5600एक्सची पॅकेज मर्यादा), मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून साधारण 60. झाले 456 वॅट. एसएमपीएसची कार्यक्षमता 85 टक्के धरली तर भिंतीतून 536, वर मॉनिटरचे 30. लाइट असताना यूपीएस वीज फक्त पुढे सरकवतो म्हणून भागतं. पण व्होल्टेज जरा खाली गेलं आणि तो बॅटरीवर वळला, की 360 च्या यूपीएसवर 566 चा भार येतो आणि तो तत्क्षणी हात टेकतो. 'लाइट गेली नव्हती तरी पीसी बंद पडला' या घरोघरच्या तक्रारीत हे कारण बऱ्याचदा असतं, विशेषतः फ्रिज किंवा एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना.

यूपीएस बाजूला काढला, एक्स्टेंशन बोर्डही काढला, एसएमपीएसची वायर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये. ओसीसीटी लावलं. रीस्टार्ट झालाच. म्हणजे यूपीएस अपुरा आहे, पण या दोषाचं मूळ तो नाही.

सॉकेटमध्ये मल्टीमीटरने फेज ते न्यूट्रल 231 व्होल्ट, फेज ते अर्थ 230, न्यूट्रल ते अर्थ 1.4. भार चढल्यावर फेज-न्यूट्रल 228. वायरिंग ठीक आहे. न्यूट्रल-अर्थमध्ये दहा-वीस व्होल्ट दिसले तर मात्र पीसीचं काम तिथेच थांबवून वायरमनला बोलवावं. चालू सॉकेटमध्ये प्रोब घालायची सवय नसेल तर हे मोजमापही त्यालाच करू द्यावं.

रविवार, 12 मे

रॅम आणि बायोस (मदरबोर्डची मूळ सेटिंग्ज). रॅम तपासणारं मेमटेस्ट86 रात्रभर, चारही फेऱ्यांत शून्य चुका. एक्सएमपी (रॅमला जास्तीचा वेग देणारी सेटिंग) बंद करून रॅम मूळ वेगावर आणली, तरी रीस्टार्ट. एकेक पट्टी लावून पाहिली, तरी रीस्टार्ट.

बायोसमध्ये पीबीओ (प्रोसेसरला मूळ मर्यादेपुढे धावू देणारी सोय) चालू आणि 'कर्व्ह ऑप्टिमायझर' (कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारी सेटिंग) सगळ्या कोअरवर उणे 30 असं आढळलं. उणे 30 बरंच आक्रमक आहे. ही सेटिंग्ज प्रोफाइलमध्ये साठवून बायोस मूळ स्थितीला नेलं आणि तीच चाचणी घेतली. रीस्टार्ट झाला, व्हियाची नोंद नाही. गेममधला दोष कर्व्ह ऑप्टिमायझरचा नाही एवढं नक्की झालं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची म्हणून प्रोफाइल परत लावलं. एप्रिलमधली ती नोंद आणि हे उणे 30 यांचा संबंध असू शकतो, पण ते वीजपुरवठ्याचं निपटल्यावर.

शनिवार, 18 मे

निर्णायक चाचणी फुकटातली होती. एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट (वीजमर्यादा) 70 टक्क्यांवर आणली, म्हणजे 224 वॅट. ओसीसीटीचा स्विच प्रकार दोन तास, मग सायबरपंक. एकदाही रीस्टार्ट नाही. लिमिट 85 वर नेली तर बऱ्याच वेळाने एकदा उडाला. 100 वर मिनिटभरात. पॉवर लिमिट शंभरवरच ठेवून फ्रेमरेट 60 ला बांधला तरी रीस्टार्ट जवळपास थांबले, कारण उड्या लहान झाल्या. ज्यांना लगेच खर्च करायचा नाही त्यांनी हे दोन उपाय लावून पीसी वापरावा. 80 टक्क्यांवर 3080 चे फ्रेम फारसे कमी होत नाहीत.

मग कॅबिनेटमधल्या वायरी. कार्डाच्या दोन्ही 8-पिन सॉकेटना एसएमपीएसमधून निघालेली एकच वायर, तिला पुढे दोन तोंडं. जोडायला सोपी, दिसायला नीटनेटकी, आणि एवढ्या कार्डाला चुकीची. एका 8-पिन जोडणीचं मानक 150 वॅटचं आहे आणि तीत 12 व्होल्टच्या तारा तीनच. मदरबोर्डवरच्या स्लॉटमधून येणारी वीज वजा केली तरी त्या एका वायरीतून 250 वॅट जातात: 21 अँपिअर, म्हणजे दर तारेत 7. 18 गेजच्या, 60 सेंटिमीटर लांबीच्या तारेत जाताना आणि येताना मिळून 0.15 ते 0.2 व्होल्ट गळतात. पिनांच्या जोडांमधली गळती वेगळी.

एचडब्ल्यूइन्फो या कार्डाच्या '8-पिन इनपुट व्होल्टेज'चं वाचन दाखवतं. एका वायरीवर भारात किमान 11.58. एसएमपीएसच्या पाठीमागे दुसरं पीसीआय-ई सॉकेट रिकामं होतं, तिथे त्याच एसएमपीएससोबत आलेली दुसरी वायर जोडली आणि प्रत्येक 8-पिनला स्वतंत्र वायर दिली. किमान 11.74 झालं. रीस्टार्ट उशिरा होऊ लागला, थांबला नाही. सुधारणा खरी, पण पुरेशी नाही. नवा एसएमपीएस घेण्याआधी हा बदल मात्र प्रत्येकाने करून पाहावा, बऱ्याचदा काम तिथेच होतं.

मदरबोर्डला वीज देणाऱ्या 24-पिन जोडणीच्या मागच्या बाजूने पिवळ्या आणि काळ्या तारेत मल्टीमीटरची प्रोब लावून 'किमान' नोंदवणाऱ्या पद्धतीने मोजलं: रिकामा असताना 12.08, भारात 11.69. मानकाची खालची सीमा 11.40, म्हणजे कागदावर पास. पण साधा मल्टीमीटर सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा छोटं काही पकडत नाही. त्याने 11.69 दाखवलं, तर त्याच्या आत खऱ्या खाचा किती खोल आहेत हे कळत नाही. त्या बघायला ऑसिलोस्कोप लागतो.

एसएमपीएसच्या लेबलवर एकूण 650 वॅट असले तरी 12 व्होल्टच्या रकान्यात 46 अँपिअर लिहिलंय. 46 गुणिले 12 म्हणजे 552 वॅट. बाकीची क्षमता 5 आणि 3.3 व्होल्टची, जी आजच्या पीसीला फारशी लागत नाही. सरासरी 456 असताना कार्डाने वर 130-150 ची उसळी मारली की 552 ओलांडले जातात. नव्या एसएमपीएसने ते क्षणभर पेललं असतं. 2017 पासून चालणाऱ्यात कपॅसिटर थकलेले असतात. गच्चीवरची टाकी जशी नळाला पाणी नसतानाची वेळ निभावून नेते, तसे कपॅसिटर उसळीचा क्षण निभावतात. आणि दर 10 अंश जास्त उष्णतेला त्यांचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं.

बंद पडण्याऐवजी रीस्टार्ट का होतो, याचंही उत्तर इथेच आहे. एसएमपीएसचं ओव्हरकरंट किंवा ओव्हरपॉवर संरक्षण पडलं तर तो बंद होऊन बसतो. मागचा स्विच बंद-चालू केल्याशिवाय उठत नाही. इथे संरक्षण पडत नाही. 12 व्होल्ट क्षणभर खचतात, एसएमपीएस 'पॉवर ओके'चा (वीज ठीक असल्याचा) सिग्नल काढून घेतो, मदरबोर्ड सगळं रीसेट करतो, आणि तोवर व्होल्टेज सावरलेलं असल्याने पीसी लगेच पुन्हा चालू होतो. पीसी कोणत्या तऱ्हेने जातो, बंद होऊन बसतो की स्वतः उठतो, हे तक्रार घेताना सगळ्यात आधी विचारावं.

रविवार, 19 मे

चाचणीसाठी दुसऱ्या चालू यंत्रातला 850 वॅटचा एसएमपीएस आणला. गोल्ड दर्जा, एटीएक्स 3.0 मानकाचा, 12 व्होल्टवर 70 अँपिअर. 2022 मध्ये आलेल्या या मानकात आजच्या कार्डांच्या उसळ्यांसाठीच तरतूद आहे: असा सप्लाय 100 मायक्रोसेकंदांपर्यंत आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार पेलू शकला पाहिजे. ब्रॉन्झ-गोल्ड ही अक्षरं फक्त कार्यक्षमता सांगतात, उसळी पेलण्याबद्दल काही सांगत नाहीत. 3080 साठी एनव्हिडियाची शिफारस 750 वॅटची आहे.

बदलताना: भिंतीतला स्विच बंद, वायर काढली, पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ दिली. जुन्या एसएमपीएसच्या सगळ्या मॉड्युलर (सुट्या काढता येणाऱ्या) वायरी काढून नव्याच्याच लावल्या. हे ठळक लिहिण्याचं कारण आहे. वायरीचं कार्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, एसएमपीएसकडचं नसतं. कंपनी बदलली, कधी एकाच कंपनीचं मॉडेल बदललं, की पिनांची रचना बदलते. वायर सहज बसते, चालू केल्यावर 5 व्होल्टच्या जागी 12 जातात आणि हार्डडिस्क किंवा एसएसडी जळते. आळस करून जुन्या सॅटा (डिस्कला वीज देणाऱ्या) वायरी तशाच ठेवू नयेत.

कार्डाला दोन स्वतंत्र वायरी, पॉवर लिमिट 100, फ्रेमरेट मोकळा. ओसीसीटी स्विच चार तास: एकही रीस्टार्ट नाही. ओसीसीटीची 'पॉवर' चाचणी, जी प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही एकदम ताणते: पार. सायबरपंक संध्याकाळभर चाललं. 8-पिन व्होल्टेज भारात किमान 11.96. निदान पक्कं. याच प्रकारचा 850 वॅटचा नवा एसएमपीएस मागवला.

जुना उघडून पाहायचा मोह टाळला. प्लग काढल्यानंतरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर 300 व्होल्टच्या वर दाब राहू शकतो. ते काम घरच्या टेबलावरचं नाही.

शनिवार, 25 मे

नवा एसएमपीएस बसवला. आठवडाभर गेममध्ये काही झालं नाही. पण आज पीसी रीस्टार्ट झाला, आणि तोही डेस्कटॉपवर ब्राउझर उघडा असताना, भार नसताना.

अशा वेळी 'नवा एसएमपीएसही खराब निघाला' म्हणून तो परत पाठवला जातो. आधी लॉग. 41 आहे, बगचेक शून्य आहे, पण यावेळी सोबत 'व्हिया-लॉगर 18, कॅशे हायरार्की एरर, प्रोसेसर एपिक आयडी 4' (हा थ्रेडचा, म्हणजे कोअरमधल्या कामाच्या धाग्याचा क्रमांक). एप्रिलमधल्या नोंदीचाही आयडी 4 च. लक्षण सारखं, दोष दुसरा.

एका कोअरला दोन थ्रेड, म्हणून आयडी 4 आणि 5 हे शून्यापासून मोजल्यास कोअर 2 चे. कर्व्ह ऑप्टिमायझरचा प्रत्येक अंक साधारण 3 ते 5 मिलिव्होल्टचा. उणे 30 म्हणजे जवळपास 0.1 व्होल्ट कमी. जड भारात सगळे कोअर खालच्या वेगावर असतात, तिथे ही कपात खपते. हलक्या कामात एकच कोअर 4.6 गिगाहर्ट्झच्या आसपास उडी घेतो आणि तिथेच व्होल्टेज अपुरं पडतं. म्हणून प्राइम95 सगळ्या कोअरवर चालवून हा दोष कधीच सापडत नाही. एकेका कोअरला वेगळं चालवणारं कोअरसायकलर वापरलं: कोअर 2 वर काही मिनिटांत चूक, बाकीचे पाचही रात्रभर ठीक.

कोअर 2 ला उणे 10, बाकीच्यांना उणे 20. कोअरसायकलर पुन्हा रात्रभर, चूक नाही.

शनिवार, 1 जून

व्हिया आणि 41, दोन्हींची नवी नोंद नाही. रीसेट बटणाची वायर परत जोडली. 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची टिक काढलेलीच राहू दिली आहे.

पावसाळा तोंडावर असल्याने यूपीएसही बदलला: 1,100 व्हीए, 660 वॅट. गेम चालू असताना यूपीएसचा भिंतीतला स्विच बंद करून पाहिला. पीसी टिकला. जुन्या यूपीएसवर हे शक्यच नव्हतं. बॅटरीवर पूर्ण भारात दोन-चार मिनिटंच मिळतील; तेवढ्यात गेम सेव्ह करून पीसी बंद करायचा. राउटर आणि मॉनिटर वगळता यूपीएसवर दुसरं काही लावायचं नाही, लेझर प्रिंटर तर मुळीच नाही.

जुन्या एसएमपीएसवर 'फक्त 150 वॅटपर्यंतचं कार्ड' अशी चिठ्ठी चिकटवली आहे.